घाटावर, घाटात, घाट्यात

चिपळूणच्या माणसाने ‘भाऊ घाटावर गेलाय’ म्हटले, तर भाऊ कुंभार्ली चढून कराडकडे गेलेला असतो. हेच वाक्य इथे वाईत, गणपती आळीत ऐकू आले, तर भाऊ पंचा खांद्यावर टाकून कृष्णेवर गेलेला असतो. आणि नाशकात कुणी खालच्या आवाजात हेच सांगितले, तर पुढे काही विचारायचे नसते.

मंडळी, संयोजकांनी मला ‘शब्दांचा अर्थविस्तार’ असा विषय दिला होता. विषय मोठा आहे आणि वेळ तासाभराचा. म्हणून एकच शब्द घेतो, तोही तुमच्या गावातला. खाली नदीला घाट, वर पाचगणीला जायचे तर पसरणीचा घाट, पुण्याहून यायचे तर खंबाटकीचा घाट. वाईच्या माणसाला घाट चुकवता येत नाही.

चुकवण्यावरूनच सुरुवात करू. संस्कृतात ‘घट्ट’ असा शब्द आहे. नदीवर उतरायची जागा, नावा लागतात ती जागा. जिथे माल उतरतो तिथे जकात घेणारा येऊन बसतोच. त्याच्या खोपटाला म्हणायचे ‘घट्टकुटी’. शास्त्रीबुवांच्या वादविवादात ‘घट्टकुटीप्रभातन्याय’ म्हणून एक न्याय येतो. एक व्यापारी जकात बुडवायची म्हणून रात्रीचा आडवाटेने निघाला. रात्रभर काट्याकुट्यांत भटकला, आणि उजाडले तेव्हा बघतो तो नेमका जकातीच्या खोपटासमोर उभा. जो मुद्दा टाळायचा म्हणून वादी दहा वळसे घेतो आणि शेवटी त्याच मुद्द्याला येऊन धडकतो, त्याला हा न्याय लावत. आजही टोल चुकवायला गावातून गाडी घालणारे आहेतच, पण त्यांच्यावर अजून न्याय रचला गेलेला नाही.

या ‘घट्टा’चा प्राकृतातून घाट झाला. त्यात दोन गोष्टी आहेत हे ध्यानात ठेवा: उंचावरून खाली उतरणे, आणि जायला तीच एक वाट असणे. कृष्णेचा काठ इथून तिथवर पसरला आहे, पण उतरता येते ते घाटावरच. आता नदीच्या जागी डोंगर ठेवून बघा. सह्याद्रीचा कडा सरळ तुटलेला. वरून खाली कोकणात जायला मोजक्या वाटा, आणि प्रत्येक वाटेच्या तोंडाशी जकात. नदीवरचा शब्द डोंगरावर आला तो असा. पायऱ्या दोन्हीकडे दिसतात म्हणून आला, असे काही जण सांगतात. मला ते तितकेसे पटत नाही. व्यापाऱ्याला पायऱ्यांपेक्षा जकात जास्त लक्षात राहते.

नाणेघाट बघा. जुन्नरहून कल्याणच्या बंदराकडे माल जायचा त्या वाटेवर, सातवाहनांच्या काळात, कातळ फोडून काढलेली ही नाळ. शेजारच्या गुहेत नागनिका राणीचा ब्राह्मी लेख आहे. केलेल्या यज्ञांची आणि दिलेल्या दानांची यादी त्यात आकड्यांनिशी कोरलेली आहे. नाळेच्या तोंडाशी मोठा दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी पडत, असे सांगतात, आणि घाटाच्या नावाचा उलगडाही त्यावरूनच करतात. घाटपांडे हे आडनावही घाटावरच्या जकातीच्या कारभाराशी जोडले जाते. म्हणजे डोंगरावर चढल्यावरही घट्टकुटी काही सुटली नाही.

इथवर सगळे सरळ आहे. मौज पुढे आहे.

घाट म्हणजे वाट, म्हणजे एक रेघ. पण कोकणातला माणूस ‘घाटावर’ म्हणतो तेव्हा त्याला ती रेघ अभिप्रेत नसते, रेघेच्या वरच्या टोकापलीकडचा सगळा मुलूख अभिप्रेत असतो. घाटावरचे बैल, घाटावरची ज्वारी, घाटावरचे सोयरे. फारसी कागदपत्रांतून ‘बालाघाट’ आला. बाला म्हणजे वरचा. त्याच्या जोडीला ‘पाईनघाट’, खालचा. हे मुलखांचे शब्द. बीडकडच्या डोंगररांगेलाही बालाघाट हेच नाव मिळाले, आणि मध्य प्रदेशात त्या नावाचा जिल्हा आहे.

आता समुद्रावरून येणाऱ्या परक्या माणसाची कल्पना करा. गलबतावरून त्याला पूर्वेला एक भिंत दिसते. किनाऱ्यावरच्या लोकांना विचारावे तर ते म्हणतात, हा मुलूख घाटाखालचा, तो घाटावरचा. त्याने काय समजावे? ती भिंत म्हणजेच घाट. सोळाव्या शतकात पोर्तुगीज इतिहासकार जुआंव द बारुश याने लिहून ठेवले की या डोंगररांगेला स्वतःचे नाव नाही, म्हणून इथले लोक तिला नुसते ‘गाटे’ म्हणतात, आणि त्याचा अर्थ डोंगररांग. पुढे १८८६ साली यूल आणि बर्नेल यांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा कोश निघाला. त्यात हा घोटाळा कसा झाला असावा ते नीट मांडले आहे: वरचा आणि खालचा मुलूख सांगायला लोक घाट शब्द वापरत, तो परक्यांनी डोंगराचेच विशेषनाम समजून घेतला. खिंडीचे नाव डोंगराला चिकटणे हे जगात इतरत्रही घडते, असेही ते म्हणतात.

नाव नाही म्हणे! आपल्या पुराणांत सात कुलपर्वत मोजले आहेत: महेंद्र, मलय, सह्य, शुक्तिमान, ऋक्ष, विंध्य आणि पारियात्र. त्यातला सह्य म्हणजे आपला सह्याद्री. मलय म्हणजे दक्षिणेकडचे, चंदनाचे डोंगर. महेंद्र ओडिशाकडचा. इंग्रजी नकाशाने सह्य आणि मलय एका नावात कोंबले, ‘वेस्टर्न घाट्स’. आणि महेंद्र ज्यात येतो त्या पूर्वेकडच्या तुटक टेकड्यांना, केवळ जोडी जमावी म्हणून म्हणा, ‘ईस्टर्न घाट्स’ म्हटले. केरळातल्या पालक्काडच्या नावात घाट नाही, तरी इंग्रजांनी त्याचे पालघाट केले. त्यांच्या कानात घाट बसला होता, त्याला काय करणार. तमिळ मात्र या भानगडीत पडली नाही. तिच्यात या रांगेला ‘मेर्कु तोडर्च्चि मलै’ म्हणतात, पश्चिमेची सलग डोंगररांग, बस्स.

आणि आपण? आपण इंग्रजी नावाचे भाषांतर करून ‘पश्चिम घाट’ घरी आणला. आपलाच शब्द, वेगळा अर्थ घेऊन परत आला. आता गंमत अशी की दोन्ही नावांनी कामे वाटून घेतली आहेत. गडावर चढणारा, पोवाडा गाणारा ‘सह्याद्री’ म्हणतो. बेडूक मोजणारा, खाणीविरुद्ध निवेदन देणारा ‘पश्चिम घाट’ म्हणतो. २०११ साली माधव गाडगीळ समितीचा अहवाल आला तो पश्चिम घाटाचा. २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात ३९ ठिकाणे गेली ती पश्चिम घाटाची, आणि त्यातले कास पठार इथून फार लांब नाही. एखादा शब्द चुकून जन्माला आला म्हणून तो खोटा ठरत नाही. सोळाशे किलोमीटरची, सहा राज्यांतली रांग एका दमात सांगायला आज आपल्याकडे दुसरा शब्द नाही. मी तो बिनतक्रार वापरतो.

परकीयांनी अर्थ ताणला म्हणून त्यांनाच हसायला नको. आपणही ताणला. मूळचा घाट कोकणात उतरणारा: आंबा, वरंधा, भोर, थळ. पण दिवे घाट कुठे उतरतो? सासवडहून पुण्याला. माउलींची पालखी तो चढते, आणि वर गेले तरी देश, खाली आले तरी देशच. कात्रजचे तेच, खंबाटकीचे तेच. इथे कोकण गळाले, राहिली ती चढण आणि वळणे. रस्त्याच्या कडेला ‘घाट सुरू’ ही पाटी बघून प्रवासी लिंबू हुंगायला लागतात. त्यांच्या दृष्टीने घाट म्हणजे वळणे.

पुढे चला, जुन्नर, आंबेगाव, खेडकडे. तिथे यात्रेत बैलगाडा शर्यत असते, आणि ज्या चढावर गाडे पळतात त्या धावपट्टीला घाट म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने या शर्यतींवर बंदी आली, आणि डिसेंबर २०२१ मध्ये त्या पुन्हा सुरू झाल्या. मधल्या काळात तिकडच्या गावांत ‘घाट बंद आहेत’ म्हणत, तेव्हा दरड कोसळली असे कुणालाही वाटत नसे. सगळ्यांत कमी वेळात बारी मारणारा तो ‘घाटाचा राजा’. आता या राजाचा आणि कृष्णेत बुडी मारणाऱ्या आपल्या भाऊचा काय संबंध? काही नाही. पण बैलगाड्याच्या घाटाचा संबंध दिवे घाटाशी आहे, दिवे घाटाचा आंबा घाटाशी, आंबा घाटाचा नदीच्या घाटाशी. शब्दाने प्रत्येक वेळी शेजारच्या घरात पाऊल टाकले, पाचव्या घरात पोचला तोवर पहिल्या घरातले त्याला ओळखेनात. सगळ्या अर्थांना झाकेल अशी एकच व्याख्या करायला बसाल तर हाती काही लागणार नाही. ती नाहीच. कोशात १, २, ३ असे आकडे घालून अर्थ देतात, त्याने सोय होते, पण कुणाचा हात कुणाच्या हातात होता ते त्या आकड्यांवरून कळत नाही.

नदीच्या घाटाचीही दुसरी एक शाखा आहे. मुंबईत महालक्ष्मीला धोबीघाट आहे, तिथे नदी नाही. काँक्रीटचे हौद आणि कपडे आपटायचे दगड. पाणी नळाचे. शहरांत ‘विसर्जन घाट’ लिहिलेल्या ठिकाणी हल्ली लोखंडी हौद ठेवलेला असतो. सगळ्यांत लांब उडी दिल्लीतली. राजघाट हा यमुनेच्या बाजूचा, जुन्या शहराचा घाट. गांधीजींचे अंत्यसंस्कार १९४८ साली त्या परिसरात झाले, समाधी झाली, आणि राजघाट म्हणजे समाधी असे मनात बसले. १९८७ साली चरणसिंग गेले, त्यांचे स्मारक ‘किसान घाट’. मोरारजींचे अहमदाबादेत ‘अभय घाट’. इथे पायऱ्या नकोत, पाणी नको, होडी नको. घाट म्हणजे मोठ्या नेत्याची समाधी. एका नावावरून दुसरे नाव पडले, इतकेच.

आतापर्यंत मी तुम्हाला एकच शब्द सांगत होतो. आता खोडा घालतो. मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आहे, त्याच्या मागे कृष्णेवर घाट आहे. तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. त्या घाटाचा घाट कसा आहे? चंद्रकोरीसारखा. या वाक्यात घाट दोनदा आला, आणि हे दोन सख्खे भाऊ नाहीत. दुसरा घाट म्हणजे आकार, घडण. तांब्याचा घाट, दागिन्याचा घाट, घाटदार बांधा, अक्षराची घाटणी. याचे कूळ ‘घडणे’ ज्या धातूतून आले त्या ‘घट्’ धातूचे. नदीवरून आलेला शब्द आणि कासारआळीतून आलेला शब्द उच्चार झिजता झिजता एकाच रूपाला येऊन मिळाले. पहिल्या प्रकारात एका शब्दाचे अनेक अर्थ झाले, इथे अनेक शब्दांचा एक उच्चार झाला. बोलणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात.

या दुसऱ्या घाटानेही बराच संसार केला. ‘लग्नाचा घाट घातलाय’ म्हणजे मोठा खटाटोप मांडलाय, आणि म्हणणाऱ्याला तो बहुधा पसंत नाही. ‘पुस्तक काढायचा घाट घातलाय’ यातही तोच नाराजीचा सूर असतो. समीक्षकांनी मात्र तो शब्द घासूनपुसून वापरला: आशय आणि घाट. कादंबरीचा घाट सैल आहे असे लिहिले की लेखकाला वाईट वाटते, पण काय दुरुस्त करायचे ते कळत नाही.

मग एवढ्या गर्दीत आपला गोंधळ का होत नाही? कारण शब्द एकटा हिंडत नाही. नदीवर घाट बांधतात, डोंगरातला घाट चढतात-उतरतात, समारंभाचा घाट घालतात, भांड्याला घाट देतात. गाडी घाटात बंद पडते, घाटावर नाही. क्रियापद आणि प्रत्यय बघून आपल्याला अर्थ कळलेला असतो. जिथे क्रियापद आणि प्रत्ययही सारखेच, तिथे गाव ठरवते, जसे चिपळूण आणि वाई.

घाटी या शब्दाला मात्र गावही पुरत नाही. कोकणात दोन वाड्यांमधली चढणीची पायवाट म्हणजे घाटी. हिंदी बातम्यांत घाटी म्हणजे काश्मीरचे खोरे, आणि हळदीघाटीत मात्र तीच घाटी खिंड होते. छत्रपती संभाजीनगरात घाटी म्हणजे सरकारी दवाखाना, ‘जखमींना घाटीत हलवले’ असे तिथली वर्तमानपत्रे रोज छापतात. गोव्यात आणि मुंबईत घाटी म्हणजे घाटावरून आलेला माणूस, आणि बोलणाऱ्याच्या तोंडात तो बहुतेकदा हिणवण्याचा शब्द असतो. मुंबईत तो इतका सैल झाला की मराठी बोलणाऱ्या कुणालाही लावतात. लालबागेत जन्मलेला, मूळचा राजापूरचा, ज्याचे गाव पिढ्यान्‌पिढ्या घाटाखाली, तोही घाटी. शिवी देणाऱ्याला भूगोल लागत नाही.

मघाशी चिठ्ठी आली आहे, शेतकरी श्रोत्याची दिसते: ‘घाटेअळीचे काय?’ ती घाटात राहत नाही, घाट्यात राहते. हरभऱ्याची दाणे भरलेली शेंग म्हणजे घाटा, आणि त्याला सप्तमी लावली की ‘य’ जोडाक्षरात शिरतो. ‘धंदा घाट्यात आहे’ यातला तोट्याचा घाटा हिंदीतून आलेला, तोही तसाच चालतो. यंदा अळी पडली असेल तर तुमचा हरभरा दोन्ही घाट्यांत आहे, आणि त्यावर औषध कोणते ते मला विचारू नका, कृषी सहायकांना विचारा.