इंजिन ओरडतंय, गाडी जागची हलत नाही

(दादरला दुचाकी मेकॅनिकांसमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

मंडळी, नमस्कार. तुमच्यापैकी बहुतेकांचा हात स्कूटर-मोटरसायकलवर बसलेला आहे. एटीव्ही, म्हणजे ती जाड टायरांची चारचाकी, तुमच्या गॅरेजात क्वचित येते. मुंबईत ती दिसते ती चौपाटीवर पोलिसांच्या गस्तीला, नाहीतर कर्जतकडच्या एखाद्या फार्महाऊसवर. खरी गर्दी पलीकडे, अलिबाग, नागाव, काशीदच्या किनाऱ्यावर. तिथं राइड देणाऱ्यांच्या गाड्या दिवसभर वाळू आणि खारं पाणी खातात. रस्त्यावर चालवायचा परवाना बहुतेक एटीव्हींना नसतो, त्यामुळे बिघडलेली गाडी टेम्पोत चढते, मांडव्याहून रो-रोनं भाऊच्या धक्क्याला उतरते आणि तुमच्या दारात येते. मालकाची तक्रार एका वाक्याची असते: "इंजिन चालू होतं, रेस घेतं, पण गाडी हलत नाही."

आणि पुढचं वाक्यही ठरलेलं: "गिअरबॉक्स गेला वाटतं." हे मनावर घेऊ नका. गिअरबॉक्स जातो, नाही असं नाही, पण तो संशयितांच्या यादीत शेवटून पहिला. इंजिनपासून चाकापर्यंत फिरणं एकेका भागातून पुढं जातं. ते कुठपर्यंत पोचतंय आणि कुठं थांबतंय, एवढंच आपल्याला शोधायचंय. चाळीत नळाला पाणी आलं नाही तर कुणी थेट वैतरणेला जात नाही. आधी गच्चीवरची टाकी बघतो. इथंही मधूनच सुरुवात करायची. मध्यावर फिरणं येत असेल तर दोष मागं, चाकाकडं. येत नसेल तर दोष पुढं, इंजिनाकडं. एका तपासणीत अर्धी गाडी निर्दोष सुटते.

पण पाना हातात घ्यायच्या आधी मालकाला नीट बोलतं करा. गाडी अचानक थांबली की हळूहळू मरगळली? थांबण्याआधी पाण्यातून नेली होती का? जळक्या रबराचा वास आला का? खाडकन आवाज झाला का, की नुसतीच रेस वाढत गेली? आणि इंजिन मोकळं ओरडतंय की दबून बंद पडतंय? हा शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा. मोकळं ओरडत असेल तर जोर वाटेत कुठंतरी सुटतोय. गिअर टाकून रेस दिल्यावर इंजिन दबत असेल तर जोर चाकापर्यंत पोचतोय, पण चाकाला कुणीतरी धरून ठेवलंय. किनाऱ्यावरच्या गाड्यांत हा धरणारा बहुधा ब्रेक असतो. खाऱ्या पाण्यानं कॅलिपरचा, म्हणजे पॅड दाबणाऱ्या पकडीचा, पिस्टन गंजतो, ब्रेक सोडला तरी पॅड डिस्कला चिकटून राहतात. चाकं उचला, न्यूट्रलला टाका, हातानं फिरवा. चाक जड फिरलं तर इंजिनाकडं बघायचंसुद्धा कारण नाही.

तिसरा प्रकारही आहे, तो अगदीच फसवा. इंजिन रेसच घेत नाही, एका मर्यादेवर अडकतं. काही गाड्यांत पार्किंग ब्रेक लागलेला असला की इलेक्ट्रॉनिक यंत्रणा रेस रोखून धरते, रिव्हर्सलाही तसंच. लहान मुलांच्या एटीव्हीत थ्रॉटलच्या बुडाशी एक स्क्रू असतो, तो आत पिळला की थ्रॉटल अर्धाच उघडतो. कुण्या काळजीवाहू बाबांनी तो पिळून ठेवलेला असतो आणि मुलगा आईकडं गाडी बिघडल्याची तक्रार करतो. असो.

आता मधली तपासणी. गाडी जॅकवर घ्या, पण जॅकच्या भरवशावर सोडू नका, फ्रेमखाली स्टँड लावा. फोर व्हील ड्राइव्ह असेल तर चारही चाकं हवेत हवीत. मागची दोनच उचललीत आणि पुढची जमिनीवर राहिली, तर गाडी स्टँडवरून उडी मारून समोरच्या भिंतीत शिरेल. चावी काढून खिशात ठेवा, कारण आत्ताचं काम इंजिन बंद ठेवूनच करायचंय.

मोठ्या एटीव्हीत बहुतेक बेल्टचं ऑटोमॅटिक असतं, ज्याला आपण सीव्हीटी म्हणतो. तुम्हाला ते नवीन नाही. 1958 साली हॉलंडच्या डाफ कंपनीनं मोटारीत बेल्टची व्हेरिओमॅटिक दिली, 1984 साली कायनेटिक होंडा स्कूटरनं ती आपल्या रस्त्यावर आणली आणि 1985 साली पोलारिस या अमेरिकन कंपनीनं आपल्या पहिल्या एटीव्हीत स्नोमोबाइलच्या अनुभवातून तसंच बेल्टचं ऑटोमॅटिक दिलं. तत्त्व सगळीकडं एकच. इंजिनाकडची पुली प्राइमरी, गिअरबॉक्सकडची सेकंडरी, मध्ये बेल्ट. रेस वाढली की प्राइमरीतली वजनं बाहेर फेकली जातात, पुलीच्या थाळ्या जवळ येतात, बेल्ट वर चढतो.

झाकण उघडा. गाडी लो गिअरमध्ये टाका आणि सेकंडरी पुली पुढच्या दिशेनं हातानं फिरवा. चाकं फिरली? म्हणजे गिअरबॉक्स, शाफ्ट, हब, सगळं सलामत. दोष बेल्ट, प्राइमरी किंवा क्लचमध्ये. सेकंडरी मोकळी फिरतेय आणि चाकं थंड? दोष गिअरबॉक्समध्ये किंवा त्याच्या मागं. दोन मिनिटांत, पेट्रोलचा एक थेंब न जाळता, अर्धी गाडी बाजूला. गाडी स्कूटरच्या इंजिनावर बांधलेली असेल, म्हणजे मागच्या पुलीवर कोरडा सेंट्रिफ्युगल क्लच (रेस वाढली की आपोआप धरणारा) आणि त्यावर बेल, म्हणजे वाटीसारखं झाकण, असेल, तर पुली न फिरवता ती बेल फिरवा. पुली फिरवलीत तर क्लच उघडाच असल्यानं काही कळणार नाही.

इथं जरा थांबतो, कारण घोटाळे इथंच होतात. क्लच कुठं आहे हे माहीत नसेल तर इंजिन चालू करून बघितलेलंही उलटं वाचाल. स्कूटरसारख्या गाडीत आयडलला, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, बेल्ट आणि दोन्ही पुल्या फिरतात, फक्त बेल थांबलेली असते. पोलारिसमध्ये प्राइमरी हाच क्लच. आयडलला ती बेल्टला चिमटीत धरतच नाही, बेल्ट थांबलेला असणं हेच बरोबर. काही जपानी गाड्यांत इंजिन आणि प्राइमरीच्या मध्ये तेलातला क्लच असतो, तिथंही आयडलला बेल्ट थांबलेलाच. तेव्हा बेल्ट फिरत नाही म्हणून प्राइमरीचे पैसे मालकाकडून घेण्याआधी ती गाडी कुठल्या जातीची, हे बघा. आणि झाकण उघडं ठेवून इंजिन चालवायची वेळ आलीच तर बेल्टच्या रेषेत उभं राहू नका. बेल्ट तुटला तर तो त्याच रेषेत येतो. सैल बाही, गळ्यातला गमछा, सगळं दूर. सीव्हीटीच्या पुलीत अडकलेलं बोट परत जागेवर मिळत नाही.

बेल्ट तुटला असेल तर उघडल्याबरोबर दिसतो, त्याला हुशारी लागत नाही. हुशारी लागते ती तुकडे गोळा करायला. एखादा दोरा प्राइमरीच्या मागं क्रँकभोवती, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याभोवती, गुंडाळलेला राहिला तर तेल अडवणारं ऑइल सील खातो, मग नव्या बेल्टवर तेल, आणि पंधरवड्यात गाडी परत तुमच्याच दारात. बेल्ट साबूत असेल तर व्हर्नियरनं रुंदी मोजा आणि मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून बघा. नजरेच्या अंदाजावर जाऊ नका. कडा आरशासारख्या चमकत असतील तर तो घसरलेला आहे. एकाच जागी कंबर गेल्यासारखा बारीक झाला असेल तर कुणीतरी गाडी वाळूत रुतवून, जागच्या जागी रेस देत बसलं होतं. राइडवाले हे कबूल करत नाहीत, पण बेल्ट सांगतो.

आणि पाणी. सीव्हीटीच्या घरात पाणी शिरलं की बेल्ट साबण लावल्यासारखा घसरतो. गाडी हलत नाही, इंजिन मोकळं ओरडतं, मालक घाबरतो. घराच्या बुडाशी ड्रेनचा बूच असतो, तो काढा, पाणी जाऊ द्या, न्यूट्रलला थोडी रेस देऊन पुल्या कोरड्या करा. कित्येकदा दुरुस्ती एवढीच. पण समुद्राचं पाणी असेल तर तेवढ्यावर सोडू नका. थाळ्यांवर गंज चढतो आणि खरबरीत थाळी नव्या बेल्टला महिन्यात खाते. थाळ्या साफ करा, पण बेल्ट जिथं चालतो तिथं ग्रीसचं बोटसुद्धा लावू नका.

आता ज्यांच्याकडं छोट्या, शंभर-सव्वाशे सीसीच्या चेनवाल्या गाड्या येतात त्यांच्यासाठी. इथं क्लच इंजिनाच्या तेलात असतो. माझा पहिला प्रश्न नेहमी तेलाचा. गाडीच्या मालकानं घरातल्या मोटारीचं उरलेलं तेल ओतलं, हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता राग येत नाही. मोटारीच्या बऱ्याच तेलांत घर्षण कमी करणारं द्रव्य असतं. ओल्या क्लचला घर्षणच हवं असतं. म्हणून जपानी कंपन्यांनी 1998 साली दुचाकीच्या तेलासाठी जासो एमए हे मानक आणलं. डब्यावर ते बघा. तेल बदलूनही क्लच घसरत असेल तर क्लचच्या झाकणावरचा लॉकनट आणि स्क्रू बघा. ॲडजस्टमेंट बिघडली की क्लचच्या प्लेटा एकमेकींवर पूर्ण दाबल्याच जात नाहीत, आणि त्या निष्पाप असून बदलल्या जातात.

या छोट्या गाड्यांत मागं अखंड ॲक्सल असतो, दोन्ही चाकं एकाच दांड्यावर. म्हणून एक सोपी परीक्षा. दोन्ही चाकं हवेत असताना एक चाक सहकाऱ्याला घट्ट धरायला सांगा आणि दुसरं फिरवा. फिरलं तर सरळ सांगतो, हबच्या (चाक ॲक्सलला जोडणाऱ्या भागाच्या) आतल्या खाचा, म्हणजे स्प्लाइन, गेल्यात किंवा ॲक्सल तुटलाय. बहुतेक वेळा हबच. मोठा नट ढिला, स्प्लिट पिन कुणी परत घातलीच नाही, आणि स्प्लाइन महिनोन् महिने रेटत रेटत गुळगुळीत. ॲक्सल आत ऐटीत फिरतो, चाक बाहेर उभं. चेन-सॉकेट (चेन आणि तिचं दातेरी चक्र) चकाचक फिरताना बघून मेकॅनिक इंजिन उघडतो, हे माझ्या डोळ्यासमोर घडलंय. पुढचं सॉकेटही तपासा. त्याच्या आतले दात गेले की शाफ्ट फिरतो, सॉकेट नाही.

शाफ्टवाल्या गाड्यांत सेकंडरीच्या परीक्षेनं दोष मागं दाखवला, की एक युक्ती करा: गाडी जमिनीवर उतरवून फोर व्हील ड्राइव्ह लावा. गाडी पुढच्या चाकांवर ओढत निघाली तर गिअरबॉक्सपर्यंत सगळं ठीक, मागचा शाफ्ट, त्याच्या सांध्यातला क्रॉस, योकची (शाफ्ट जोडणाऱ्या दुबेळक्याची) पिन किंवा मागचा ॲक्सल दोषी. योकमध्ये घातलेली पोकळ पिन कापली जाते. ती बाहेरून जागेवर दिसते, आत दोन तुकडे असतात. नागदेवी स्ट्रीटला अशी पिन चहाच्या पैशात मिळते, फक्त माप नेमकं घेऊन जा. बेअरिंगंही तिथंच मिळतील. सीव्ही जॉइंटचा, म्हणजे चाकाकडच्या दांड्याच्या वळत्या सांध्याचा, रबरी बूट फाटलेला दिसला तर आत वाळू गेलेलीच समजा.

गिअरबॉक्स उघडण्याआधी बाहेरची लिंकेज, म्हणजे लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंतची दांडी, बघा. डिस्प्लेवर लो दिसतंय, लिव्हर लोवर आहे, पण गिअर सरकवणारा आतला फोर्क मध्येच लटकलाय, कारण दांडीचा बुश झिजलाय. लिव्हर हलवत सेकंडरी हातानं पुढं-मागं करा, "टक्" असं बसल्याचं बोटाला कळतं. तेही ठीक असेल तर गिअरबॉक्सच्या तेलाचा ड्रेनचा बूच काढा. लोहचुंबकावर काळी पेस्ट असेल तर ती नेहमीची झीज. दाताचा तुकडा आला तर मालकाला बसवून चहा द्या आणि मग रक्कम सांगा. तेल दुधासारखं असेल तर पाणी शिरलंय. व्हेंटचा (हवा जाण्याचा) पाइप कुठं उघडा आहे ते शोधा, नाहीतर नवीन तेलही आठवड्यात दूधच होईल.

बाकी, नवा बेल्ट घातलात तर त्यावरच्या बाणाची दिशा बघा, आणि पहिल्या दिवशी पूर्ण रेस द्यायची नाही हे राइडवाल्याला तोंडी सांगून भागत नाही. मी मार्करनं टाकीवर लिहून देतो. आता त्या कोपऱ्यातल्या टेबलापाशी एक गाडी स्टँडवर घेतलीय, झाकण काढलंय, चावी माझ्या खिशात आहे. दोन-दोन जण या, सेकंडरी फिरवा आणि मला सांगा, फिरणं कुठं थांबतंय.