बदली कोणाची?

[दृश्य: सकाळ. अंधेरी स्टेशनचा पूल. गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली माणसं सीप्झकडे जाणाऱ्या बसच्या रांगेत.]

मुंबईतला नोकरदार घरच्यांपेक्षा ऑफिसातल्या माणसांची तोंडं जास्त वेळ बघतो. डबा तिथेच उघडतो, ताप आला की पहिली गोळीही शेजारच्या टेबलावरून मिळते. मग प्रेम तिथेच जमलं तर त्यात नवल काय? पण जमल्याची कुणकुण लागली की चहाच्या टपरीवर पहिला प्रश्न हाच येतो: दोघांत साहेब कोण?

हा प्रश्न मला सगळ्यात नीट समजावला तो अवकाशातल्या मालिकांनी.

[दृश्य: वरळी. दूरदर्शनचा मनोरा. खाली संथ वाहतूक.]

ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ‘स्टार ट्रेक’ लागायची. १९९८ मध्ये मिलिंद सोमणचा ‘कॅप्टन व्योम’ आला. अवकाशयान आपल्या घरात शिरलं ते असं. पुढे केबलवरून आणि मग मोबाइलवरून बाकीच्या मालिका आल्या. त्यांत कॅप्टन आणि त्याच्या हाताखालचा अधिकारी यांच्यात काही उमलायला लागलं की मी सावरून बसायचो. कारण तिथला साहेब पगारवाढ अडवून थांबत नाही. तो सांगेल त्या ग्रहावर उतरावं लागतं, आणि परत येण्याची खात्री नसते.

‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’चा १९९३ मधला एक भाग, ‘लेसन्स’. कॅप्टन पिकार्ड बासरी वाजवतो, पण एकटा असताना. नेला डॅरेन ही त्याच्याच जहाजावरची शास्त्रज्ञ, एका विभागाची प्रमुख. ती आपला पियानो घेऊन त्याच्या बासरीला साथ देते. जहाजाच्या पोटातल्या एका अरुंद बोगद्यात दोघं वाजवत बसतात, कारण तिथे आवाज छान घुमतो. इतकं हळुवार प्रेम या मालिकांत क्वचित दिसतं.

मग कुरबुर सुरू होते. डॅरेन आपल्या विभागासाठी काही मागते, आणि उपकप्तान रायकर पेचात पडतो. ही विभागप्रमुखाची मागणी, की कॅप्टनच्या मैत्रिणीची? डॅरेन हक्काचंच मागत असते. तरीही रायकरच्या मनात शंका येते, आणि ती येणारच. ज्याच्या हाती तुमचा गोपनीय अहवाल असतो, त्याचं तुमच्यावर प्रेम आहे हे कळलं की तुमच्या प्रत्येक यशाकडे लोक डोळे बारीक करून बघतात.

शेवटी एका ग्रहावर आगीची वादळं येतात. लोकांना बाहेर काढायला पथक हवं असतं, त्या कामाला डॅरेनच योग्य असते. पिकार्ड तिला पाठवतो. काही जण परत येत नाहीत. ती येते. पण त्या काही तासांत त्याला कळून चुकतं की असा हुकूम पुन्हा देणं आपल्याला जमणार नाही. दोघं ठरवतात, वेगळं व्हायचं. बदली होते.

बदली डॅरेनची होते. मला ते तेव्हाही खटकलं होतं.

[दृश्य: ठाणे स्टेशन. ट्रान्स-हार्बरची गाडी फलाटाला लागते.]

माझी एक मैत्रीण अंधेरीतल्या एका कंपनीत होती. तिचं आणि तिच्या मॅनेजरचं जमलं, दोघांच्या राजीखुशीने. दोघांनी स्वतःहून जाऊन एचआरला सांगितलं. नियम साधा होता: एकाने दुसऱ्याच्या हाताखाली राहायचं नाही. पंधरा दिवसांत तिची ऐरोलीच्या शाखेत रवानगी झाली. चार वर्षं उभी केलेली टीम तिथेच राहिली. ती मला म्हणाली, “रिपोर्टिंग बदलायला हवं, हे मलाही पटतं रे. पण माझंच का बदललं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

सरकारी नोकरीत आपल्याकडे पती-पत्नी एकत्रीकरण म्हणून बदली मागता येते. तिथे बदली दोघांना जवळ आणते. इथे तिचीच ऑर्डर निघाली, आणि साहेबाची खुर्ची हललीसुद्धा नाही.

‘स्टार ट्रेक: व्हॉयेजर’मध्ये तर बदलीची सोयच नाही. जहाज घरापासून सत्तर हजार प्रकाशवर्षं दूर फेकलं गेलंय, दुसरं जहाज कुठून आणणार? १९९६ च्या ‘रेझोल्यूशन्स’ या भागात कॅप्टन जेनवे आणि तिचा उपकप्तान चकोटे एका आजारामुळे एका ग्रहावर अडकतात. जहाज पुढे निघून जातं. चकोटे तिच्यासाठी हाताने न्हाणीचा टब बनवतो. हुद्दे गळून पडतात, दोघं नुसती माणसं उरतात. मग औषध घेऊन जहाज परत येतं. दोघं गणवेश चढवतात आणि पुन्हा कामाच्या भाषेत बोलू लागतात. जेनवेने त्या टबाचं पुढे काय केलं असेल, हा विचार माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

[दृश्य: फोर्ट. उच्च न्यायालयाची इमारत. काळे कोट घातलेले वकील रस्ता ओलांडतात.]

आता १९९७ सालाकडे या. २७ जुलैला अमेरिकेत ‘स्टारगेट एसजी-१’ ही अवकाशमालिका सुरू झाली. त्यानंतर सतरा दिवसांनी, १३ ऑगस्टला, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने कामाच्या ठिकाणी बायकांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा विशाखा निकाल दिला. त्यातूनच पुढे २०१३ चा कायदा आला. दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथे अशा तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती असलीच पाहिजे, असं तो सांगतो. राजीखुशीच्या प्रेमाला तो हात लावत नाही. पण नोकरीत मेहेरनजर करण्याचं सूचक आश्वासन किंवा नुकसान करण्याची धमकी, हे तो नेमकं ओळखतो. खुर्चीचं वजन त्याने मोजलंय. ज्या बायकांनी हे भोगलं आणि तरी लढल्या, त्यांच्यामुळे हे शब्द कायद्यात आले.

‘एसजी-१’ मध्ये कर्नल जॅक ओ’नील पथकाचा प्रमुख, सामंथा कार्टर त्याच्या हाताखाली. दोघं हवाई दलातले, म्हणजे असं नातं नियमाविरुद्धच. २००० च्या एका भागात खोटं पकडणाऱ्या यंत्रासमोर बसून खरं सांगायची वेळ येते, तेव्हा दोघं मनातलं कबूल करतात. आणि ते त्या खोलीबाहेर जाऊ द्यायचं नाही असं ठरवतात.

त्याच वर्षीचा दुसरा भाग, ‘विंडो ऑफ ऑपर्च्युनिटी’. ओ’नील आणि त्याचा सहकारी टील्क एकाच दिवसात अडकलेत. काही तासांनी घड्याळ मागे जातं आणि त्या दोघांशिवाय तळावरचे सगळे सगळं विसरतात. काहीही करा, कुणाला आठवणार नाही. चौकशी नाही, शिक्षा नाही.

अशा एका फेरीत ओ’नील कंट्रोल रूममध्ये येतो. कार्टर तिथेच असते. तो आपल्या वरिष्ठाच्या, जनरल हॅमंडच्या, हातात एक कागद ठेवतो. राजीनामा. मग वळतो आणि कार्टरला जवळ घेऊन तिचं चुंबन घेतो. पुढच्या क्षणी दिवस पुन्हा सुरू होतो, कागदही गेलेला असतो.

तिला ते कधीच आठवणार नव्हतं. तरीही त्याने आधी हुद्दा खाली ठेवला.

[दृश्य: संध्याकाळ. ऐरोली स्टेशन. फलाटावर उभी एक बाई, मोबाइलचा उजेड चेहऱ्यावर.]

हा भाग मी मैत्रिणीला पाठवला होता. ठाण्याच्या गाडीत उभ्याउभ्या तिने बघितला. रात्री तिचा फोन आला. चुंबनाबद्दल ती काहीच बोलली नाही. म्हणाली, “तो कागद देतो ना, तेवढंच मी तीनदा मागे घेऊन बघितलं.”