धूर दिसला म्हणजे गाव आलं

[ड्रोन. सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना शेतं. पहिले दहा सेकंद फक्त वाऱ्याचा आवाज.]

हा रस्ता बघा. काही एडिट-बिडिट केलेलं नाही, तो खरंच इतका सरळ आहे. यूएस 24 हायवे, कॅन्सस राज्य, अमेरिकेच्या बरोब्बर पोटातला भाग. आम्ही कॅन्सस सिटीहून अंधारात निघालो, आय-70 हायवेने हेज गावापर्यंत आलो, तिथून उत्तरेला वळून स्टॉकटन, मग पश्चिमेला. पाचेक तासांत वळण म्हणावं असं वळण दोन-तीनदाच आलं. समोरून पिकअप आला की चालवणारा स्टिअरिंगवरचा हात न काढता एक बोट वर करतो, तो इथला रामराम. पहिल्यांदा आम्हाला वाटलं हा काहीतरी इशारा करतोय, टायर पंक्चर आहे का काय, तर नाही, नुसतं बरंय ना. चौथ्या पिकअपपासून आम्हीपण बोट वर करायला लागलो.

आणि हे आलं गाव. हो, एवढंच. पाण्याची टाकी, थोडी घरं, दोन चर्च, एक जुनी शाळा, आणि हा दगडी हॉल. गावाचं नाव निकोडेमस. 2020 च्या जनगणनेत इथे माणसं भरली 14.

आता चौदा माणसांच्या गावावर व्हिडिओ कशाला, असं कमेंटमध्ये कुणीतरी विचारणारच आहे, म्हणून आधीच सांगतो. सिव्हिल वॉरनंतर, म्हणजे अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर, गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांनी मिसिसिपी नदीच्या पश्चिमेला जी गावं वसवली त्यातलं हे सगळ्यात जुन्यांपैकी एक, आणि आजपर्यंत टिकून राहिलेल्या मोजक्यांपैकी एक. बाकीची बरीचशी नकाशावरून पुसली गेली. हे नाही गेलं. का नाही गेलं ते बघायलाच आलो होतो.

[टाऊनशिप हॉल. दगडाचा क्लोजअप.]

हा टाऊनशिप हॉल, म्हणजे गावाचं सभागृह, 1939 चा. मंदीच्या काळात सरकारने लोकांना काम मिळावं म्हणून जी कामं काढली होती त्यातून बांधलेला. चुनखडीचा दगड आहे, दुपारच्या उन्हात एकदम लोण्यासारखा पिवळा दिसतो, कॅमेऱ्यात तेवढा आलेला नाही. आत आता नॅशनल पार्क सर्व्हिसचं माहिती केंद्र आहे, कारण 1996 साली हे गावच राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जाहीर झालं. गावात अशा पाच वास्तू आहेत. हा हॉल, 1918 ची शाळा, एएमई म्हणजे आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च, बॅप्टिस्ट चर्च, आणि ते पलीकडे दिसतंय ते सेंट फ्रान्सिस हॉटेल. साधं घर वाटतं ना? पण 1880 च्या आसपास इथे प्रवासी उतरायचे, आणि हॉटेल चालवणारा झेड. टी. फ्लेचर हाच गावाचा पहिला पोस्टमास्तर. त्याची बायको जेनी गावची पहिली शिक्षिका.

पण ह्या इमारती सगळ्या नंतरच्या. सुरुवातीला इथे भिंत नावाची गोष्टच नव्हती.

[जुनी पत्रकं. हळूहळू झूम.]

1877. गुलामगिरी कायद्याने संपून 12 वर्षं झाली होती. केंटकी राज्यातले काळे लोक कागदावर मोकळे, पण जमीन जुन्या मालकाची, पीक त्याचं, दुकान त्याचं आणि वहीतलं कर्जही त्याच्याच हातचं. अशात हे पत्रक फिरायला लागलं. पाच डॉलर भरा आणि कॅन्ससला चला, तारीख 5 सप्टेंबर 1877. होमस्टेड कायदा 1862 पासून होताच, म्हणजे 160 एकर सरकारी जमीन घ्यायची, किरकोळ फी भरायची, पाच वर्षं तिथे राहून कसायची, की ती तुमच्या नावावर. तुमच्या नावावर. आपल्याकडे सातबाऱ्यावर नाव लागणं म्हणजे काय असतं ते वेगळं सांगायला नको, आणि इथे तर असे लोक ज्यांचं स्वतःचंच नाव काल-परवापर्यंत दुसऱ्याच्या मालमत्तेच्या यादीत होतं.

गाव वसवायला कंपनी काढली ती दोघांनी पुढाकार घेऊन. डब्ल्यू. एच. स्मिथ हा काळा माणूस, अध्यक्ष, वर सांगितलेल्या जेनीचा बाप. आणि डब्ल्यू. आर. हिल, गोरा, इंडियानाचा, जमिनीच्या धंद्यातला. कंपनीत बाकी सगळे काळे, गोरा हा एकटाच. आता हिल हा माणूस भला होता की लबाड यावर लोक अजून वाद घालतात. मला विचाराल तर दोन्ही. पत्रकात जे रंगवलं होतं आणि इथे जे होतं त्याचा एकमेकांशी काही संबंध नव्हता एवढं नक्की.

तीनशेच्यावर माणसं केंटकीहून रेल्वेने एलिसला उतरली. एलिस इथून पंचावन्न किलोमीटर. पुढे रस्ता नाही, म्हणून सामान घेऊन चालत, दोन दिवस. आणि पोचल्यावर बघतात तर काय, गवत. नुसतं गवत. झाड नदीकाठी तेवढं. हिलला लटकवायची भाषा झाली म्हणतात. काही कुटुंबं तिथूनच मागे फिरली.

पुढच्या वसंतात, म्हणजे 1878 ला, दुसरा जथा आला. त्यात विलियाना हिकमन नावाची बाई होती, नवरा पाद्री. एलिसला उतरल्या उतरल्या जथ्यात गोवर पसरला, लहान मुलं दगावली. मग बैलगाडी-घोडागाडीने दोन दिवस, होकायंत्र बघत आणि हरणांच्या, गव्यांच्या (म्हणजे इथल्या बायसनच्या) पायवाटा धरत, रात्री जनावरं येऊ नयेत म्हणून जाळ करून. दुसऱ्या दिवशी पुरुष ओरडले, ते बघा निकोडेमस! ही आजारी, तरी उठून डोळे फाडून बघते, गाव कुठंय? मला तर काही दिसत नाही. नवऱ्याने बोट दाखवलं. जमिनीतून ठिकठिकाणी धूर वर येत होता. तेच निकोडेमस. ती रडायला लागली. हे तिने स्वतः नंतर सांगून ठेवलंय म्हणून आपल्याला माहितीये.

[उतारावरचा खळगा. वाकलेलं गवत. इथे कॅमेरा जमिनीलगत.]

तो धूर कसला, तर घरांचा. डगआउट म्हणायचे त्याला. ही नदीकडे उतरणारी जमीन आहे ना, अशी जागा बघायची. उताराच्या पोटात कुदळीने खणत जायचं, कंबरभर, छातीभर, जमेल तेवढं. म्हणजे तीन भिंती आयत्या मिळाल्या. समोरची भिंत गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या ढेकळांची, विटा रचाव्यात तशी रचायची, त्यात एक दार. वर एक आढं, नदीकाठचं जे काही लाकूड सापडेल त्याचं. आढ्यावर आडव्या फांद्या, त्यावर झुडपं, सूर्यफुलाची वाळलेली ताटं, गवत, आणि सगळ्यावर माती. मागच्या भिंतीत चूल कोरायची आणि वर भोक पाडायचं, धूर जायला. झालं घर. छप्पर जमिनीच्या जवळपास सपाटीला, म्हणून लांबून घर दिसतच नाही, फक्त धूर.

ह्या मातीचा क्लोजअप मुद्दाम ठेवलाय. बघा मुळं कशी गच्च विणलेली आहेत. हजारो वर्षं नांगर न लागलेली ही जमीन होती, तिला पहिल्यांदा फोडणं म्हणजे चेष्टा नाही. आणि यांच्याकडे होतं काय? सगळ्या वसाहतीत मिळून घोडे तीन, असं सांगतात. बाकीच्यांनी कुदळ-फावड्याने एकेक तुकडा उलटला. एकाने म्हणे दुभती गायच जुंपली. पाऊस पडला की छप्पर आतून गळायचं, आणि बाहेर थांबला तरी आत चिखल टपकत राहायचा, सापही घरात यायचे. जळणाला लाकूड नाही म्हणून गव्यांचं वाळलेलं शेण गोळा करायचे, म्हणजे आपल्या गोवऱ्याच, फक्त थापायची मेहनत नाही, वाऱ्याने आणि उन्हाने आधीच वाळलेल्या. गव्यांची हाडंही वेचायचे, ती विकली जायची.

एमा विल्यम्स नावाची बाई पोटुशी असताना केंटकीहून आली होती. ह्याच असल्या एका खड्ड्यात तिला मुलगा झाला, हेन्री. गावात जन्मलेलं पहिलं पोर.

पहिला हिवाळा जड गेला. पुरुष मजुरीसाठी रेल्वेच्या कामावर, लांबलांबच्या गावांना पायी जायचे. शिकारीहून परतणाऱ्या ओसेज जमातीच्या मूळ रहिवासी लोकांनी त्या हिवाळ्यात खायला दिलं नसतं तर आज हा व्हिडिओ नसता, असं इथल्या वंशजांच्या घराघरात सांगतात. आणि ही जमीन आधी मोकळी पडलेली होती असंही नाही, तिच्यावरून मूळ लोकांना हटवून झाल्यावरच ती सरकारने वाटायला काढली होती, तो विषय मोठा आहे.

[चर्च, शाळा, मग जुने फोटो.]

पण मग गाव उभं राहिलं. दगडाची घरं, दुकानं, चर्च, 1886 आणि 87 ला एकामागून एक दोन वर्तमानपत्रं सुरू झाली. एकाचं नाव वेस्टर्न सायक्लोन, दुसरं निकोडेमस एंटरप्राइज. एवढ्याशा गावात दोन पेपर, म्हणजे भांडणंही भरपूर असणार! एडवर्ड मॅकेब इथे राहायला आला, आणि 1882 साली कॅन्सस राज्याचा ऑडिटर, म्हणजे राज्याचे हिशोब तपासणारा, म्हणून निवडून गेला. राज्यपातळीच्या पदावर निवडून आलेला कॅन्ससमधला तो पहिला काळा माणूस. खड्ड्यांतली घरं होऊन पाचच वर्षं झाली होती.

मग आली रेल्वे, किंवा खरं तर आली नाही. रेल्वे गावातून जावी म्हणून लोकांनी 1887 साली 16,000 डॉलरचे बाँड मंजूर केले. मोजणीवाले येऊन गेले, पेपरमधून दर अंकात आज येणार उद्या येणार. मिसूरी पॅसिफिक कंपनीची रेल्वे आलीच नाही. युनियन पॅसिफिक ही दुसरी कंपनी आली, पण नदीच्या पलीकडून, दक्षिणेने, आणि तिथे बोग नावाचं नवं गाव झालं. दुकानदारांनी गाशा गुंडाळला, काहींनी तर अख्खी दुकानंच उचलून बोगला नेली. आणि हिलचं काय झालं? इथून वीसेक किलोमीटरवर आज काउंटीचं मुख्य गाव आहे. त्याचं नाव हिल सिटी.

त्यानंतरचं पटकन सांगतो. तीसच्या दशकातला दुष्काळ, धुळीची वादळं, मंदी, 1950 ला माणसं उरली सोळा, 1953 ला पोस्ट ऑफिस बंद, तरुण पोरं डेन्व्हरला, कॅन्सस सिटीला, कॅलिफोर्नियाला, आणि बऱ्याच जणांच्या जमिनीही हातातून गेल्या.

[शेत. लालसर कणसं वाऱ्यावर.]

हे पीक ओळखलंत? आम्ही गाडी थांबवून उतरलो. ज्वारी! बुटकी, जेमतेम मांडीएवढी, कणीस गच्च आणि विटकरी लाल. इथे तिला मायलो म्हणतात. अमेरिकेत सगळ्यात जास्त ज्वारी कॅन्ससमध्ये होते. भाकरी कुणी करत नाही, जनावरांना घालतात नाहीतर इथेनॉलला जाते, आमच्या कॅमेरामनला ते फार लागलं. पण ज्वारी मुळात आफ्रिकेची. तिथून आपल्याकडे आली ती फार पूर्वी, आणि अमेरिकेत पोचली त्यात गुलामांच्या जहाजांचाही हात होता. निकोडेमसच्या वेशीवर ज्वारी उभी आहे हे स्क्रिप्टमध्ये नव्हतं, ते आम्हाला तिथे दिसलं. एक दाणा चोळून तोंडात टाकला, चव तीच.

शंभरावा रेखांश इथून अगदी जवळ आहे. त्याच्या पश्चिमेला पाऊस आणखी कमी होत जातो, म्हणून इथली शेती कायम जुगार. तरी इथल्या काही जमिनी आजही त्याच घराण्यांच्या नावावर आहेत ज्यांचे पणजोबा एलिसहून चालत आले होते. व्हेरिल स्वित्झर इथलाच, 1932 चा जन्म. अमेरिकन फुटबॉल खेळून ग्रीन बे पॅकर्स या व्यावसायिक संघापर्यंत पोचला, 1954 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्यात, चौथा निवडला गेला, पुढे कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीत नोकरी केली, पण गावची शेती सोडली नाही. 2022 ला गेला.

आणि दरवर्षी जुलैच्या शेवटी इथे होमकमिंग असतं. देशभरातून वंशज येतात, चौदाच्या गावात शेकडो माणसं. आपल्याकडे जत्रेला मुंबईकर गावी येतात ना, तसंच. आम्ही गेलो ऑक्टोबरमध्ये, त्यामुळे त्याचे शॉट नाहीत, हे रिकामं पटांगण तेवढं आहे. पुढच्या वेळी जुलै.

[गाडीच्या काचेतून. शेवटचा शॉट, कट नाही.]

परतताना आम्ही एलिसच्या रस्त्याने गेलो, त्यांच्या वाटेच्या उलट दिशेने. त्यांना दोन दिवस लागले, आम्हाला पाऊण-एक तास, आणि स्पीड वाढवून इथे तो 40 सेकंदांचा झालाय. मधे एकदा मी आरशात मागे बघितलं, निकोडेमसची टाकी दिसेनाशी झाली होती. एलिसला पोचलो तेव्हा फाटक पडलेलं होतं. मालगाडी चालली होती, लांबलचक, डबे मोजायला घेतले आणि शंभरच्या आसपास सोडून दिले.