पुस्तकांचं शिवाजी पार्क

5 डिसेंबरची दुपार, दादरचं शिवाजी पार्क. टेम्पोतून उतरतायत ते गठ्ठे पुस्तकांचे. नागपूर, नांदेड, अकोला, पुणे... जिथून माणसं आलीत, तिथूनच हे गठ्ठेही आलेत.

सुतळी कापली की जाड ग्रंथ मागे. त्यांच्यापुढे कवितासंग्रह, आत्मकथनं. अगदी पुढे दहा-वीस रुपयांच्या पुस्तिका, कारण रेटारेटीत हात तेवढाच पोचतो. संविधान मात्र कुठूनही दिसेल असं. टेबल मिळालं तो मंडपात बसला, नाही मिळालं त्यानं फुटपाथवर ताडपत्री अंथरली. रात्री विक्रेते इथेच, मालाशेजारी आडवे होतात.

उद्या महापरिनिर्वाण दिन. चैत्यभूमीची रांग आत्ताच समुद्राच्या बाजूनं लांबलीय. दर्शन झालं की पावलं मैदानाकडे वळतात. ‘जयभीम दादा, हे केवढ्याला?’ बोटं कशावर थांबतायत बघा. महात्मा फुल्यांचं ‘गुलामगिरी’, छापलं 1873 साली. बाबासाहेबांचं ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’. घासाघीस फारशी होत नाही. झालीच, तर विक्रेता एक पुस्तिका वर ठेवून देतो.

दुकानाविना पुस्तक विकण्याची ही रीत बाबासाहेबांच्या घरातली म्हणावी लागेल. 1936 साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं त्यांना अध्यक्षीय भाषणासाठी बोलावलं. भाषण आधी वाचायला मागितलं, आणि वाचून मंडळ घाबरलं. हे गाळा, ते बदला. बाबासाहेबांनी स्वल्पविरामही बदलायला नकार दिला. अधिवेशन रद्द झालं, तेव्हा त्यांनी ते भाषण, ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’, स्वतःच छापलं. 1500 प्रती. दोन महिन्यांत संपल्या. तेच भाषण आज मराठीत, हिंदीत, इंग्रजीत या टेबलावर आहे, तीन-चार वेगवेगळ्या छोट्या प्रकाशकांचं.

आणि हे निळ्या झेंड्यांचे जुने फोटो 1988 च्या मोर्चाचे. आदल्या वर्षी राज्य सरकारनं बाबासाहेबांच्या लेखनाचा चौथा खंड काढला होता, ‘रिडल्स इन हिंदुइझम’. त्यातल्या राम आणि कृष्णावरच्या परिशिष्टावरून वादळ उठलं. ते काढून टाका म्हणून मुंबईत मोर्चा निघाला. मग 5 फेब्रुवारीला दलित संघटना रस्त्यावर आल्या: एक ओळही गाळायची नाही. एका पुस्तकातली पानं शाबूत राहावीत म्हणून एवढी माणसं चालत होती. त्यातल्या कितीजणांनी तोवर तो इंग्रजी खंड हातात धरला असेल? परिशिष्ट राहिलं. सरकारनं फक्त ‘या मतांशी शासन सहमत नाही’ अशा अर्थाची तळटीप जोडून अंग काढून घेतलं.

हे सरकारी खंड इथे आले की हातोहात जातात. येत नाहीत, हीच अडचण. छपाई इतकी रखडली, की 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. 2020 ला कोविडमुळे ही गर्दीच झाली नाही आणि छोट्या प्रकाशकांचा वर्षाचा मोठा हंगाम गेला.

फोर्टातलं ‘स्ट्रँड’ हे पुस्तकांचं दुकान 2018 मध्ये बंद झालं, तेव्हा शहरानं हळहळून लेख लिहिले, आणि ते योग्यच होतं. या मैदानाची बातमी मात्र बहुतेकदा वाहतुकीच्या पानावर येते: दादरला कोणते रस्ते बंद, कोणते वळवले.

6 तारखेची रात्र. उरलेला माल मोजला जातोय. संविधानाच्या थप्प्या उतरल्यात, पुस्तिका जवळपास संपल्यात, दोन-चार जाड ग्रंथ परत गोणीत. छापखान्याला फोन लागलाय, ‘गुलामगिरी’ पुन्हा काढायचंय. 1 जानेवारीला भीमा कोरेगाव, 3 तारखेला सावित्रीबाईंच्या जयंतीला नायगाव. त्याआधी प्रती हातात हव्यात.