ॲव्हरेज कुणाला काढता येतं?

नमस्कार श्रोतेहो. "हे गणित तुला जमेल का?" असं विचारणाऱ्या प्रश्नावल्या शाळांतून भरून घेतल्या जातात. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञानं १९७७ मध्ये मांडलं, की जमेल असा भरवसा असला की माणूस कामाला हात घालतो आणि अडलं तरी सोडत नाही. हा भरवसा मोजला, की गणितात मुलींचा आकडा बऱ्याचदा मुलांच्या खाली येतो. पण तो खरंच खाली असतो, की प्रश्नच एका बाजूला कललेला असतो?

मी नववीला गणित शिकवत होते तेव्हाची गोष्ट सांगते. प्रश्नावलीत एक प्रश्न होता: गाडीचं ॲव्हरेज काढता येईल का? मुलांनी धडाधड 'नक्की'वर खुणा केल्या. एका मुलीनं 'अजिबात नाही'वर केली. मला नवल वाटलं, कारण तिच्या घरचं डेअरीचं बिल तीच तपासायची. दहा दिवसांचं दूध, सकाळ-संध्याकाळचे लिटर, फॅटप्रमाणे बदलणारा दर, त्यातून पेंडीच्या पोत्यांची कपात. एकदा बिलात चूक निघाली, तीही तिनंच शोधली होती.

मी तिला फळ्यापाशी बोलावलं. म्हटलं, सात लिटर पेट्रोलमध्ये गाडी ३१५ किलोमीटर गेली, तर एका लिटरला किती? ती लगेच म्हणाली, "पंचेचाळीस." मग माझ्याकडे बघत राहिली. "बाई, हे ॲव्हरेज व्हय? मला वाटलं गाडी चालवता यायला पाहिजे."

आता 'नक्की' म्हणणाऱ्या एका मुलाला तेच विचारलं. तो म्हणाला, "पन्नास." कसं काढलंस? "आमची गाडी पन्नासच देते, पप्पा सांगतात." भागाकार त्यानं केलाच नव्हता!

बघा, प्रश्न एकच. मुलीला तो गाडी चालवण्याचा वाटला, मुलाला घरी ऐकलेल्या आकड्याचा. गणिताचा भरवसा दोघांचाही मोजला गेला नाही. पुन्हा सांगते, दोघांचाही नाही.

   

हे एकट्या आमच्या वर्गात घडलं असं नाही. २०१२ च्या 'पिसा' या आंतरराष्ट्रीय चाचणीत पंधरा वर्षांच्या मुलामुलींना गाडीच्या पेट्रोलचा हिशेब जमेल का, असं विचारलं होतं. विकसित देशांच्या सरासरीत ६७ टक्के मुलगे हो म्हणाले, मुली ४४ टक्के. समीकरण सोडवता येईल का, या प्रश्नाला मात्र असा फरक दिसला नाही.

म्हणून नुसत्या सरासऱ्या शेजारी ठेवून निकाल देऊ नये. ज्यांचा एकूण भरवसा सारखा आहे, अशी मुलं आणि मुली घ्यायची आणि एकेका प्रश्नावर त्यांची उत्तरं ताडून बघायची. एकूण सारखे असूनही एकाच प्रश्नावर फाटे फुटत असतील, तर तो प्रश्न बदलायचा. पण सगळ्याच प्रश्नांवर मुली मागे दिसल्या, तर ते झाकू नका. मग मुलींना घरात, वर्गात कोण काय ऐकवतं, याची चौकशी करा.

आणि शिक्षकांनो, अशी प्रश्नावली वाटण्याआधी चार मुली, चार मुलगे जवळ बसवा. प्रत्येक प्रश्न वाचून दाखवा आणि त्यात काय विचारलंय, ते त्यांनाच सांगू द्या. नमस्कार.