डबल म्हणजे नक्की किती?

सप्तर्षींमधल्या वसिष्ठाजवळ अंधूकशी अरुंधती नुसत्या डोळ्यांनीही दिसते. पण दुर्बीण लावली, की वसिष्ठाच्या जागीही दोन तारे दिसू लागतात. खगोलशास्त्रात हा डबल स्टार. इथे डबल म्हणजे लगत दिसणारे दोन, एवढंच. एक जवळचा आणि दुसरा त्याच रेषेत कितीतरी मागे, असंही असू शकतं. खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेल यांनी वर्षानुवर्षं मापं घेतली आणि १८०३ मध्ये दाखवून दिलं, की मिथुन राशीतल्या कॅस्टरसारख्या जोड्यांतले तारे खरोखरच एकमेकांभोवती फिरतात.

रसायनशास्त्रात दुहेरी बंध (डबल बाँड) म्हणजे दोन अणूंमध्ये इलेक्ट्रॉनांच्या दोन जोड्या. मग मजबुतीही दुप्पट? नाही. दोन कार्बन अणूंमधला एकेरी बंध तोडायला मोलमागे (मोल म्हणजे रेणू-बंध मोजायचं ठरावीक माप) साधारण ३५० किलोज्यूल ऊर्जा लागते. दुहेरीला ७०० नव्हे, ६१० च्या आसपास. पहिली जोडी अणूंच्या बरोबर मधोमध असते, दुसरी त्या रेषेच्या वर-खाली, म्हणून तिची पकड सैल. ही सैल पकड फार कामाची आहे. ती सोडूनच इथिलीनचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि पॉलिथीन तयार होतं.

हिशेबात द्विनोंदी पद्धत, म्हणजे डबल एंट्री: प्रत्येक रक्कम एकदा नावे, एकदा जमा. इटालियन गणितज्ञ लुका पाचोली यांनी १४९४ मध्ये व्हेनिसला छापलेल्या ग्रंथात तिचं वर्णन केलं. दोन्ही बाजू तंतोतंत जुळल्याच पाहिजेत.

आणि प्रोग्रामरचा डबल? ३२ ऐवजी ६४ बिटांत, म्हणजे ० किंवा १ अशा ६४ अंकांत, साठवलेली संख्या. संगणकात संख्या कशा साठवायच्या हे ठरवणाऱ्या १९८५ च्या आयईईई ७५४ मानकानुसार १ बिट चिन्हाला, ११ घातांकाला, ५२ अपूर्णांकाला. जागा दुप्पट, अचूकता मात्र दुपटीहून जास्त: सुमारे सातऐवजी पंधरा-सोळा अंक. तरीही तिला सीमा आहे. ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२ या संख्येत एक मिळवून पाहा. उत्तर तेच येतं, कारण पुढची संख्या मांडायला बिटच उरत नाही. आणि ०.१ अधिक ०.२? पडद्यावर येतं ०.३०००००००००००००००४. दशमानातला साधा ०.१ द्विमानात न संपणारा अपूर्णांक होतो. कुठेतरी तो तोडावाच लागतो.

इथेच हिशेबाच्या आणि प्रोग्रामरच्या डबलांचं जमत नाही. नावे-जमा काटेकोर जुळायला हवं, तिथे ही बारीकशी तफावतही चालत नाही. म्हणून जाणते प्रोग्रामर पैशांच्या रकमा डबलमध्ये ठेवतच नाहीत. ते त्या चलनाच्या सर्वांत लहान एककात, पूर्णांकात साठवतात, किंवा दशमान पद्धतीचा वेगळा प्रकार वापरतात.