आठवड्याला एकच धडा

श्रोतेहो, नमस्कार.

कापूस वेचून झाला, की धुळे, नंदुरबार, जळगावकडच्या गावांत प्रशिक्षणांचा हंगाम सुरू होतो. कुठे बचत गट, कुठे साक्षरतेचे स्वयंसेवक. तीन दिवस, सकाळी दहा ते संध्याकाळी पाच, आणि विषय बारा! महिन्याने गटाची वही उघडावी, तर नोंदी पहिल्यासारख्याच चुकलेल्या. का होतं असं? शिकवणारा वाईट असतो म्हणून नाही. एका बैठकीत फार कोंबलेलं असतं म्हणून.

मोठ्या माणसांना गटाने कसं शिकवावं, याचा नमुना आपल्या धुळ्यातच घडला. तोही तुरुंगात.

१९३२ साल. कायदेभंगाच्या चळवळीत पकडलेले सत्याग्रही धुळ्याच्या तुरुंगात होते. त्यांत विनोबा भावे होते. त्यांनी सोबतच्या कैद्यांपुढे गीतेवर बोलायला सुरुवात केली. गीतेचे अध्याय अठरा. रोज एक घेतला असता तर अठरा दिवसांत गीता संपली असती. पण तसं झालं नाही. २१ फेब्रुवारीच्या रविवारी पहिला अध्याय. पुढच्या रविवारी दुसरा. असं करत १९ जूनच्या रविवारी अठरावा. १८ अध्याय, १८ रविवार. पुन्हा सांगतो, १८ अध्याय आणि १८ रविवार. वार ठरलेला, वाटा ठरलेला. मधले सहा दिवस ऐकणाऱ्याचे, ऐकलेलं घोळवायला आणि आपसात बोलायला. विषय केवढा गहन, पण उदाहरणं घरातली, शेतातली.

आणि तिथे आणखी एक माणूस होता. अमळनेरच्या शाळेतली मास्तरकी सोडून चळवळीत उतरलेले साने गुरुजी. विनोबा बोलत होते आणि गुरुजी लिहून घेत होते. ती प्रवचनं पुढे कितीतरी भाषांत गेली, ती त्या लिहून घेण्यामुळे. बोलणारा एक, टिपणारा दुसरा. आसोद्याच्या बहिणाबाईंचंही तसंच. त्यांना लिहिता येत नव्हतं, घरच्यांनी टिपून घेतली म्हणून गाणी राहिली. आणि राहिली ती त्यांच्या बोलीत, हे मला फार मोलाचं वाटतं. आपल्याकडे प्रशिक्षणात बाई अहिराणीत बोलली, की तिला ‘शुद्ध बोला’ म्हणतात. मग ती दिवसभर तोंड उघडत नाही. असं कृपा करून करू नका. कागदावरही तिचा शब्द तिच्याच बोलीत उतरवा.

आता आपल्या गावच्या बैठकीकडे येऊ. आठवड्यातून एकदा, दोन तास, ठरलेल्या वारी. बाजाराचा वार टाळा. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत बसा, दुपारी पत्र्याखाली कुणाचंच डोकं चालत नाही. सत्कार, नारळ, शाल शेवटच्या बैठकीला ठेवा. सुरुवातीला ठेवले, की पाऊण तास गेलाच.

२५ जणी असतील तर पाच-पाचचे पाच गट. एक ते पाच आकडे म्हणायला लावून गट पाडा, नाहीतर जावा-जावा शेजारी बसतात, थोरली बोलते आणि धाकटी गप्प. गटकामाला एक तास धरा. ५ मिनिटं सूचना, २० मिनिटं काम, प्रत्येक गटाला मांडायला ४ म्हणजे एकूण २०, आणि उरलेली १५ चर्चेला. वेळापत्रकात अर्धा तास लिहिला, की शेवटच्या दोन गटांची मांडणी हमखास कापली जाते. पुढच्या वेळी ते गट मनापासून काम करत नाहीत.

बैठकीचं उद्दिष्ट ‘कर्जाची माहिती देणे’ असं लिहू नका. ‘घटत्या रकमेवरचं व्याज वहीत लिहिता येणे’ असं लिहा. समजा, कर्ज २००० रुपये, व्याज महिना शेकडा २. प्रत्येक गटापुढे २० चिंचोके ठेवा. एक चिंचोका म्हणजे शंभर रुपये, आणि एका चिंचोक्याला महिन्याला दोन रुपये व्याज. पहिल्या महिन्याचे झाले ४०. आता २०० रुपये मुद्दल फिटलं, म्हणून दोन चिंचोके उचलायचे. उरले १८. पुढच्या महिन्याचं व्याज ३६. हमखास चूक इथेच होते. बायका मागची ओळ बघून पुन्हा ४० लिहितात. चिंचोके त्यांनी स्वतःच्या हाताने उचलले, की हा फरक डोळ्यांना दिसतो. फळ्यावर तुम्ही कितीही आकडे मांडा, तो तसा दिसत नाही.

‘समजनं का?’ असं विचारू नका. त्याला ‘हां’ असंच उत्तर येतं. त्याऐवजी एकीला वही द्या आणि लिहायला सांगा. कोण कुठे अडलं, हे टिपायला वेगळी व्यक्ती बसवा. शिकवणाऱ्याने स्वतः टिपायला घेतलं, की समोरच्या चेहऱ्यांवरची नजर सुटते.

पुढच्या आठवड्यात पहिली १५ मिनिटं मागच्या नोंदीला. वही उघडून आधी तो ३६ चा आकडा शोधायचा. ४० दिसले, तर नवा विषय थांबवायचा आणि चिंचोके पुन्हा बाहेर काढायचे.